मल्टिप्लेअर गेमचा एफपीएस दर वेळी वेगळा का येतो? पार्ट बदलण्याआधी मोजमाप पक्कं करा

‘दादा, परवा दोनशे पडत होते, आज दीडशेच्या वर जाईना झालंय. कार्ड गेलं का काय?’

हे दोनशे-दीडशे म्हणजे एफपीएस, सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची संख्या. मार्च लागला की हा प्रश्न सुरू होतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा आधीच काहीतरी करून ठेवलेलं असतं. रॅमची नवी स्टिक घेतलेली असते, विंडोज पुन्हा टाकलेलं असतं, नाहीतर ग्राफिक्स कार्ड विकायला काढलेलं असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी सोलापुरात पीसी जोडतो आणि दुरुस्त करतो. गेमिंगवर पोरांचा जो पैसा वाया जातो, तो खराब पार्टमुळे कमी आणि कच्च्या मोजमापामुळे जास्त जातो, असं माझं ठाम मत झालंय.

तक्रारच जर ‘आकडा दर वेळी वेगळा येतो’ अशी असेल, तर कुठल्याही पार्टला हात लावण्याआधी तो आकडा एका जागी आणावा लागतो. ते कसं करायचं, आणि आपल्याकडचा उन्हाळा, धूळ आणि लाइट यांनी तो कुठे कुठे हलतो, ते सांगतो. उदाहरणं काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंटची जास्त आहेत, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक जण हेच खेळतात.

मॅच खेळताना मोजू नका

सिंगल प्लेअर गेममध्ये बऱ्याचदा बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची ठरलेली चाचणी, आतच दिलेला असतो. बटण दाबलं की तेच दृश्य, तोच कॅमेरा, तेवढाच वेळ. मल्टिप्लेअरमध्ये समोर माणसं असतात, आणि माणसं दोनदा सारखी खेळत नाहीत. एका राउंडला तुम्ही कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे असता, दुसऱ्या राउंडला तुमच्यासमोर तीन स्मोक (धुराचे बॉम्ब), एक मोलोटोव्ह (आगीची बाटली) आणि सात जिवंत खेळाडू असतात. प्रत्येक खेळाडूची हालचाल, आवाज, गोळ्यांचा हिशोब आणि सर्व्हरकडून आलेली माहिती सीपीयूला दर फ्रेमला निस्तरावी लागते. काउंटर-स्ट्राइक २ मधला धूर खोलीच्या आकाराप्रमाणे पसरतो आणि गोळी गेली की फाटतो, तो भार कार्डावर येतो. पबजीत शंभर जण एकदम उतरतात. गजबजलेल्या गावात उतरलात तर आकडा वेगळा, कडेच्या शेतात उतरलात तर वेगळा.

त्यामुळे काहीही न बदलता दोन मॅचमध्ये वीस-तीस एफपीएसचा फरक सहज पडतो. नवी रॅम टाकल्यावर बारा एफपीएस वाढले म्हणून कोणी खूश होतो. ते बारा रॅमचे की त्या मॅचचे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो डेमो, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये आपल्या खेळलेल्या मॅचचा डेमो उतरवून घेता येतो. त्यातला भरपूर गर्दीचा एक राउंड निवडा, एका खेळाडूचा कॅमेरा धरा, आणि दर वेळी त्याच ठिकाणापासून साठ सेकंद मोजा. धूर तोच, गोळ्या त्याच, माणसं तीच. दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवा. डेमो चालवणं म्हणजे प्रत्यक्ष खेळणं नाही, त्यामुळे डेमोतला आकडा मॅचमध्ये जसाच्या तसा मिळणार नाही. तो फक्त आपल्याच मशीनवर आधी आणि नंतर ताडून बघण्यासाठी. दुसरं म्हणजे गेमला मोठं अपडेट आलं की जुना डेमो कधी कधी चालतच नाही, म्हणून आधीची आणि नंतरची मोजणी एकाच व्हर्जनवर उरका. आणि २०२३च्या सप्टेंबरआधीचा, म्हणजे याच मालिकेतल्या आधीच्या सीएस गो गेमचा आकडा तर काढूच नका. ते इंजिनच वेगळं होतं.

डेमोची कटकट नको असेल तर स्टीमच्या वर्कशॉपमध्ये तयार बेंचमार्क मॅप मिळतात. कॅमेरा ठरलेल्या वाटेने धूर, आग, पाणी यांतून फिरतो आणि शेवटी सरासरी लिहून देतो. व्हॅलोरंटवाल्यांनी प्रॅक्टिस रेंजमध्ये एक ठरलेली वाट धरून फिरावं. तिथे दहा एजंटांचा (गेममधल्या पात्रांचा) गोंधळ नसतो म्हणून आकडा मॅचपेक्षा बराच वर दिसेल, पण आधी-नंतरची तुलना करायला तो पुरतो.

मोजण्याआधी एफपीएसची मर्यादा काढा. ही मर्यादा तीन ठिकाणी लपलेली असते: गेमच्या सेटिंगमध्ये, कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, आणि आफ्टरबर्नर या कार्डाच्या टूलबरोबर येणाऱ्या रिवाट्यूनरमध्ये. व्ही-सिंक, म्हणजे एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग, बंद करा. १४४ची मर्यादा राहिली तर जुना सीपीयूही १४४ दाखवेल आणि नवाही १४४च दाखवेल. ब्राउझर बंद ठेवा. डिस्कॉर्डचा ओव्हरले चालू ठेवायचा तर दोन्ही वेळेला चालू ठेवा.

पहिली फेरी सरळ फेकून द्या. ड्रायव्हर किंवा गेम अपडेट झाल्यावर शेडर, म्हणजे कार्डासाठीचे चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम, नव्याने तयार होतात, आणि ते होईपर्यंत गेम अडखळतो. ‘नवा ड्रायव्हर टाकला आणि गेम अटकायला लागला’ या तक्रारींपैकी कितीतरी दोन मॅच खेळल्या की आपोआप मिटतात. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून मशीन नीट तापू द्या, आणि मग लागोपाठ तीन फेऱ्या मोजा. समजा १८२, १८६, १८४ आले. म्हणजे तुमच्या मशीनवर दोन-चार एफपीएसचा फरक हा नुसता हेलकावा आहे. काही बदलल्यावर १८७ आले तर काहीही वाढलेलं नाही. २०५ आले तर वाढलंय.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे सगळ्यांना माहीत असतं. जे कुणी करत नाही ते पुढचं: बदल करून मोजलं की जुनी स्थिती परत आणा आणि पुन्हा मोजा. आकडा परत खाली आला तरच श्रेय त्या बदलाला द्या. या एका सवयीने माझ्याकडच्या गिऱ्हाइकांची जितकी खरेदी वाचली, तितकी दुसऱ्या कशानेही वाचलेली नाही.

सरासरीने फसू नका

मोजायला कॅपफ्रेमएक्स किंवा इंटेलचं प्रेझेंटमॉन वापरा, दोन्ही फुकट आहेत. प्रेझेंटमॉन विंडोजच्याच नोंदींवरून फ्रेमची वेळ काढतं, गेमच्या आत शिरत नाही, हा अँटीचीट (फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम) असलेल्या गेमसाठी मोठा फायदा. कॅपफ्रेमएक्सही मोजणीसाठी प्रेझेंटमॉनच वापरतं.

नुसती सरासरी बघितली तर दोन टूल एकाच खेळाचे दोन आकडे सांगू शकतात. एक सेकंद २०० एफपीएस आणि पुढचा सेकंद ५० एफपीएस चालला असं धरा. दोन सेकंदांत २५० फ्रेम झाल्या, म्हणजे खरी सरासरी १२५. पण जे टूल दर फ्रेमचा एफपीएस घेऊन त्यांची सरासरी काढतं, त्याच्याकडे २०० फ्रेम ‘२००’वाल्या आणि ५० फ्रेम ‘५०’वाल्या असतात. त्याचं उत्तर येतं १७०. गेम तोच, मशीन तेच, आकड्यात ४५चा फरक. म्हणून मित्राने एका टूलवर काढलेला आकडा आणि तुम्ही दुसऱ्यावर काढलेला आकडा शेजारी ठेवू नका. वन पर्सेंट लोचं तेच आहे. कुठे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमची सरासरी घेतात, कुठे फक्त त्या एक टक्क्याच्या सीमेवरची फ्रेम धरतात.

हाताला जे जाणवतं ते एफपीएसपेक्षा मिलिसेकंदात नीट कळतं. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १४४ला ६.९ची, २४०ला ४.२ची. ६०वरून ७०वर गेलात तर दर फ्रेमला जवळजवळ अडीच मिलिसेकंद वाचतात. २४०वरून २५०वर गेलात तर मिलिसेकंदाचा सहावा भाग. दोन्हीकडे वाढ दहाचीच. याच कारणाने १८० सरासरी असलेलं मशीन खेळताना अडखळतं आणि १४० सरासरीचं लोण्यासारखं चालतं. फ्रेमटाइमचा आलेख उघडून बघा: रेघ सपाट हवी. मधेच सुळके असतील तर सरासरी कितीही असो, कोपऱ्यातून डोकावताना नेमका तोच सुळका आडवा येतो.

भार कुणावर आहे हे शोधायला सोपी युक्ती आहे. रेझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणा आणि तीच फेरी पुन्हा मोजा. आकडा भरपूर वाढला तर कार्ड कमी पडत होतं. जवळपास तेवढाच राहिला तर सीपीयू किंवा रॅम कमी पडतेय, आणि नवं कार्ड घेऊन काही उपयोग नाही. लो सेटिंगवर खेळणाऱ्या बहुतेकांची गाठ सीपीयूपाशीच असते.

एप्रिल-मेमधली घसरण

पंखा पार्टला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली एक अंशाने तापली की आतला सीपीयूही साधारण एक अंशाने तापतो. आपल्याकडे जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, रात्री खोली विशीच्या आसपास असते. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२-४३वर जातो आणि वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली तर विचारूच नका. जानेवारीत ७५वर चालणारा सीपीयू मेमध्ये ९५च्या घरात जाणारच. इंटेलचा आय५-१२४००एफ १०० अंशांना स्वतःचा वेग कमी करतो. एनव्हिडियाची कार्डं तर त्याच्या बरीच आधीपासून, तापमान चढेल तसा क्लॉक, म्हणजे आपला वेग, पायरी-पायरीने उतरवत जातात. यात बिघाड काहीच नाही, पार्ट स्वतःला वाचवतोय.

ओळखायचं असं: गेम सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं आकडा चांगला आणि मग हळूहळू उतरता. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं टूल उघडं ठेवून अर्धा तास खेळा आणि नंतर ‘थर्मल थ्रॉटलिंग’ची, म्हणजे तापल्यामुळे वेग कमी केल्याची, ओळ बघा. तिथे एकदा जरी ‘यस’ आलं असेल तर उत्तर मिळालं. स्वस्त मदरबोर्डावर सीपीयू ८०वर असतानाही वेग पडतो. तिथे शेजारचा वीज पुरवणारा भाग, व्हीआरएम, तापलेला असतो. त्याला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पाती) नसेल तर कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅन लावून एक फेरी मोजा. आकडा सावरला तर रोग सापडला.

म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, मोजणीच्या वहीत खोलीचं तापमान लिहा. साधा भिंतीवरचा थर्मामीटर चालतो. आणि मोजायची वेळ सारखी ठेवा. संध्याकाळी सातला ऊन गेलेलं असतं, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो, आणि मॅच नेमक्या तेव्हाच रंगात येतात. सकाळी सहाचा आकडा आणि संध्याकाळी सातचा आकडा यांची तुलना म्हणजे दोन ऋतूंची तुलना. पाण्याचा कूलर लावत असाल तर खोली थंड करायला लावा, त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. तुषार आणि धूळ दोन्ही आत जातात.

धुळीचं एवढंच सांगतो. अशोक चौकापासून अक्कलकोट रोडपर्यंत ज्यांच्या घरात किंवा शेजारी माग चालतात, त्यांच्या पीसीत साधी धूळ नसते, सुताची लव असते. ती हीटसिंकच्या पात्यांवर बाहेरून दिसत नाही. पंखा काढला की त्याच्या खाली पात्यांवर करडा थर सापडतो, बोटाने उचलला तर अख्खा कापडासारखा निघतो. पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो आणि हवा मात्र पात्यांत शिरत नाही. ब्लोअर वरून मारून भागत नाही. पंखा सोडवा, ब्रशने थर काढा, मग हवा मारा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मागाच्या घरात हे दर दोन महिन्यांनी करा, जुळे सोलापुरात वर्षातून दोनदा केलं तरी भागेल.

काही सकाळी खराब, काही सकाळी ठीक

ही तक्रार सगळ्यात जास्त छळते, म्हणून एक उदाहरण सविस्तर देतो. कॉलेजात शिकणारा एक मुलगा, आय५-१२४००एफ, ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम. काही दिवस गेम झकास, काही दिवस सकाळपासूनच आकडा पार खाली आणि सुळकेच सुळके. तापमान दोन्ही दिवशी ठीक. दोन जणांनी त्याला नवं कार्ड घ्यायचा सल्ला दिला होता. मी त्याला एकच विचारलं, खराब दिवशी सकाळी पीसीवर तारीख कुठली दिसते? तो म्हणाला, ‘चालू करताना वेळ चुकीची असती, मग आपोआप बरोबर होती.’

त्याचे वडील शॉर्टसर्किटच्या भीतीने रात्री झोपताना मेन स्विच बंद करतात. ज्या रात्री राहून जातं, ती सकाळ चांगली. मदरबोर्डावर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो. लाइट पूर्ण बंद असताना घड्याळ चालतं ठेवायचं काम तो करतो, आणि बऱ्याच बोर्डांवर बायॉसची, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅमची, सेटिंगही त्याच्याच जिवावर टिकते. मीटर लावला तर तीन व्होल्टच्या जागी अडीचही नव्हते. सेल मेला की बायॉस मूळ सेटिंगवर जातं, एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंद होतं आणि ३२००ची रॅम २१३३वर चालायला लागते. सीपीयूवर भार टाकणाऱ्या गेममध्ये हा फरक लगेच दिसतो. पुढे इंटरनेट जोडलं की विंडोज वेळ स्वतः दुरुस्त करून घेतं, त्यामुळे ती खूणही पुसली जाते.

चाळीस-पन्नास रुपयांचा सेल बदलला, एक्सएमपी पुन्हा चालू केलं, विषय संपला. तुम्हाला तपासायचं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी, तिथे वेग बघा. दुसऱ्या एखाद्या टूलमध्ये ३२००च्या रॅमला १६०० दिसलं तर घाबरू नका. डीडीआर रॅम एका ठोक्याला दोनदा माहिती देते, ते १६०० म्हणजेच ३२००. तिथेच किती स्लॉट भरलेत तेही बघून घ्या. एकच स्टिक असेल तर सिंगल चॅनेलमुळे, म्हणजे माहितीची एकच वाट असल्यामुळे, आकडा पडलेला असतो, आणि तेव्हा तशीच दुसरी स्टिक घेणं हा खर्च खरोखर कामी येतो.

सेल गेल्याची आणखी एक खूण व्हॅलोरंट दाखवतं. विंडोज ११वर त्याला टीपीएम आणि सिक्युअर बूट या बायॉसमधल्या दोन सुरक्षा सेटिंग लागतात. बायॉस रिसेट होऊन त्यातलं काही बंद झालं की व्हॅन ९००१ किंवा ९००३ची चूक येते. गेम पुन्हा टाकून ती जात नाही. बायॉसमध्ये जाऊन दोन्ही चालू करा, आणि हीच चूक परत आली तर सेल बघा.

व्होल्टेजला फुकट दोष देऊ नका. बऱ्याच एसएमपीएसवर (पीसीच्या पॉवर सप्लायवर) १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर २०० ते २४०. त्या मर्यादेत लाइट खालीवर झाली तरी आतले १२ व्होल्ट तेवढेच राहतात. लाइट फारच पडली तर पीसी बंद होईल किंवा रिस्टार्ट होईल. एफपीएस हळूहळू उतरणार नाही. यूपीएसचं मात्र बघा: ६०० व्हीएच्या बऱ्याच यूपीएसची खरी क्षमता ३६० वॅटच्या आसपास असते. लाइट गेल्याबरोबर गेममध्येच पीसी बंद पडतो त्याचं कारण बहुधा हे, आणि मदरबोर्डाचा सेल संपत आला असेल तर तेव्हापासूनच पुढचा घोळ सुरू होतो.

लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावून आणि मूळ अ‍ॅडॉप्टरनेच मोजावं. बॅटरीवरचा आकडा धरायचा नाही.

अडखळतंय पण आलेख सपाट आहे

मग ते नेट आहे. समोरचा खेळाडू उड्या मारत पुढे येतो, तुम्ही मागे ओढले जाता, मारलेल्या गोळ्या लागत नाहीत, आणि फ्रेमटाइमची रेघ मात्र सरळ. अशा वेळी रॅम, कार्ड, सीपीयू कशालाही हात लावू नका. काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे आपल्याला अंतराचा त्रास फारसा नाही. पहिल्यांदा घरातल्या राउटरलाच पिंग लावून, म्हणजे संदेश जाऊन यायला लागणारा वेळ मोजत, पाच मिनिटं बघा. तिथेच एक-दोन मिलिसेकंदांचे मधेच शंभर होत असतील तर भानगड वायफायची आहे, केबल टाका. राउटरपर्यंत स्वच्छ आणि पुढे खराब असेल तर कनेक्शनवाल्याकडे तक्रार करा, आणि तक्रार करताना दोन्ही पिंगचे स्क्रीनशॉट द्या. नुसतं ‘गेम अटकतोय’ म्हटलं तर स्पीडटेस्ट करून परत पाठवतात. घरात कुणाच्या मोबाइलचे फोटो बॅकअपला चढत असतील तर अपलोड भरून पिंग उडतो, तेही एकदा विचारून घ्या.

एवढं करूनही आकडा जागेवर येत नसेल तर विचारा, मी बघतो. फक्त विचारताना हे सगळं एकत्र द्या: सीपीयू, कार्ड, रॅमच्या किती स्टिक आणि टास्क मॅनेजरमध्ये दिसणारा वेग; गेमचं रेझोल्यूशन; मशीन तापल्यावरच्या तीन फेऱ्यांची सरासरी आणि वन पर्सेंट लो, कुठल्या टूलवर काढलं तेही; ७२०वर काढलेला आकडा; अर्धा तास खेळल्यानंतरचा एचडब्ल्यूइन्फोचा स्क्रीनशॉट; आणि त्या वेळचं खोलीचं तापमान. मोबाइलने मॉनिटरचा काढलेला हललेला फोटो पाठवू नका, त्यातले आकडे वाचता येत नाहीत.